स्टाउटचा फेस, पाइंटचं माप आणि बुडणारं क्रीम

ठाणे आणि नवी मुंबईत वस्तीच्या आसपास चालणाऱ्या छोट्या आयरिश धाटणीच्या पबांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देतो आहोत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अशा जागेत बिअरचे नळ तीन-चार, स्वयंपाकघरात तळणीची कढई एखादीच आणि माणसं मोजकी. तिथे रोज काय खपतं ते ओळखून मागवलं, तर निम्म्या तक्रारी उरतच नाहीत.

प्रश्न : ड्राफ्ट स्टाउट (नळावरची काळी बिअर) मागवली, तर बारटेंडरनं पाऊण ग्लास भरून काउंटरवर तसाच ठेवला आणि दुसऱ्याची ऑर्डर घेतली. ग्लास हातात आला तेव्हा बिअर म्हणावी तशी गारही नव्हती. ही हयगय म्हणायची का? आणि घरी कॅन आणला, की निम्मा ग्लास फेसच का होतो? (एक वाचक, नेरूळ)

हयगय नाही, पद्धतच ती आहे. आपल्या ओळखीच्या लागर बिअरमध्ये फक्त कार्बन डायऑक्साइड असतो. गिनेससारख्या नायट्रो स्टाउटला साधारण 75 टक्के नायट्रोजन आणि 25 टक्के कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणानं ढकलतात. नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही. नळाच्या तोंडाशी बारीक भोकांची चकती असते. तिच्यातून बिअर जोरानं निघाली की हा वायू मोहरीपेक्षाही बारीक बुडबुड्यांच्या रूपात एकदम सुटतो. बुडबुडा जितका बारीक, तितका फेस घट्ट आणि टिकाऊ, अगदी सायीसारखा.

ग्लास 45 अंशांत तिरका धरून पाऊण भरायचा आणि खाली ठेवायचा. मग त्याच्याकडे नीट बघा. आधी सगळा ग्लास चॉकलेटी दिसतो आणि काचेलगतचे बुडबुडे वर जायचे सोडून खाली येताना दिसतात. डोळ्यांचा भ्रम नाही हा. ग्लास तळाशी निमुळता असल्यामुळे मधल्या भागात बुडबुडे दाट होतात, तिथून द्रव वर चढतो आणि कडेनं खाली उतरतो. उतरताना तो बारीक बुडबुड्यांनाही ओढून नेतो. तळापासून काळा रंग चढत वर आला आणि फेसाची रेघ स्पष्ट झाली, की उरलेला पाव ग्लास भरायचा. गिनेस कंपनी या सगळ्याला 119.5 सेकंद धरते. घाई करून एका दमात भरलेल्या ग्लासात फेस जाड होतो आणि बिअर कमी मिळते. तेव्हा थांबणारा बारटेंडर तुमच्या फायद्याचंच काम करतो.

गारपणाचं म्हणाल, तर ही बिअर 6 अंशांच्या आसपास द्यायची असते. तिचा काळा रंग आणि कॉफीसारखा कडवटपणा भाजलेल्या बार्लीतून येतो. 2 अंशांवर नेली की तो वास दबतो आणि जिभेवर नुसतं कडू पाणी उरतं. गोठवलेल्या ग्लासात मात्र घेऊ नका. काचेवरच्या बर्फकणांमुळे फेस भडकतो.

आता कॅन. त्यात खुळखुळणारी प्लास्टिकची छोटी गोळी दिसली तर ती खराबी समजू नका. गोळीत दाबाखाली नायट्रोजन असतो. झाकण उघडताच दाब उतरतो, गोळीतून झोत सुटतो आणि नळाच्या चकतीचं काम ती गोळी करते. कॅन कोमट असेल तर हाच झोत आवरत नाही. किमान तीन तास फ्रीजमध्ये उभा ठेवा. फ्रीझरमध्ये घालून अर्ध्या तासात उरकायला जाऊ नका. दुसरी चूक ग्लासाची होते: 440 मिलीच्या कॅनला घरातला 300 मिलीचा ग्लास पुरत नाही. पाइंटचा मोठा ग्लास घ्या, तिरका धरून संथ धारेनं ओता, शेवटी सरळ करा. काचेच्या बाटलीतली फॉरिन एक्स्ट्रा स्टाउट हे वेगळं पेय आहे. त्यात साधाच वायू असतो आणि अल्कोहोल 7.5 टक्के, तर ड्राफ्टमध्ये 4.2 टक्के. तिच्याकडून सायीसारख्या फेसाची अपेक्षा करू नका.

छोट्या पबमध्ये खरी तपासणी केगची, म्हणजे नळाला जोडलेल्या बिअरच्या पिंपाची, करायची असते. स्टाउटचे गिऱ्हाईक थोडे असतील तर केग दिवसेंदिवस उघडा राहतो. ‘हा केग कधी लावला?’ असं सरळ विचारा. चांगला बारवाला न चिडता सांगतो. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बिअरला हवा लागलेली आहे. लोण्याचा किंवा आंबट व्हिनेगरचा वास आला तर बहुधा नळ्या धुतलेल्या नाहीत. त्या दर दोन आठवड्यांनी धुवायला हव्यात. असा ग्लास पहिल्या घोटालाच परत करा. अर्धा पिऊन केलेली तक्रार कुणी ऐकत नाही. लागरचा ग्लास असेल आणि आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर ग्लास तेलकट आहे. केगची खात्री वाटली नाही तर कॅनच मागवावा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : मेन्यूत ‘पाइंट’ लिहिलं होतं आणि आली 330 मिलीची बाटली. मग पाइंट म्हणजे नेमकं किती? एक पाइंट पिऊन गाडी चालवली तर चालते का? (एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे)

आयर्लंडमध्ये पाइंट म्हणजे 568 मिली. आपल्याकडे बोलताना 330 मिलीच्या बाटलीला पाइंट म्हणतात आणि 650 मिलीच्या बाटलीला फुल. आयरिश नावाच्या जागेत दोन्ही अर्थ एकाच मेन्यूत शेजारी शेजारी भेटतात. शिवाय ड्राफ्टचा ग्लास काही ठिकाणी 500 मिलीचा असतो. मिलीचा आकडा विचारल्याशिवाय दरांची तुलना करू नका.

गाडीचं उत्तर स्पष्ट आहे: चालवू नका. 568 मिली स्टाउटमध्ये 4.2 टक्क्यांच्या हिशेबानं जवळपास 24 मिली शुद्ध अल्कोहोल जातं. 60 मिलीच्या लार्ज पेगात 40 टक्क्यांची आयरिश व्हिस्की असेल तर तिथेही 24 मिलीच. ‘बिअरच तर आहे’ या म्हणण्याला म्हणूनच अर्थ उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. रिकाम्या पोटी झटपट प्यायलेला एक पूर्ण पाइंट 70 किलोच्या पुरुषालाही ती ओलांडायला लावू शकतो, कमी वजनाच्या व्यक्तीला तर नक्कीच. यकृत तासाला साधारण 8 ते 10 मिली शुद्ध अल्कोहोलच निकामी करतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याचा हबका यांनी हा वेग वाढत नाही. पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पाम बीच रोड रात्री मोकळा असतो, आणि म्हणूनच तिथे चूक फार महागात पडते. रिक्षा किंवा कॅब आधीच ठरवून निघा.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. मित्रांबरोबर पबला जावं लागतं. तिथे आमच्यासाठी चिप्सखेरीज काय असतं? आणि स्टाउटमध्ये माशाचं काही घालतात हे खरं का? (एक वाचक, वाशी)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. बिअर नितळ करण्यासाठी इझिंगग्लास, म्हणजे माशाच्या हवापिशवीपासून केलेला पदार्थ, पूर्वी सर्रास वापरत. गिनेसनं तो 2010 च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद केला. इतर ब्रँडचं लेबल वाचावं लागेल.

खाण्याचं पाहू. आयरिश जेवणाचा कणा बटाटा आहे, त्यामुळे तुम्हाला बरंच काही आहे. कॉलकॅनन म्हणजे लोणी आणि दूध घालून कुस्करलेला बटाटा, त्यात केल ही पालेभाजी किंवा कोबी. चँपमध्ये कोबीऐवजी पातीचा कांदा असतो. बॉक्स्टी म्हणजे किसलेला कच्चा बटाटा, कुस्करलेला उकडलेला बटाटा आणि मैदा एकत्र करून तव्यावर घातलेलं जाड धिरडं. बटाट्याच्या थालीपिठाची सवय असलेल्या जिभेला ते लगेच आवडतं. सोडा ब्रेडमध्ये यीस्ट नाही, ताक आणि खायचा सोडा यांवरच तो फुगतो. साधा ब्रेड अंड्याशिवायच होतो, पण मनुका घातलेल्या गोड प्रकारात अंडं असू शकतं.

अडचण लपलेली असते ती अशी. चिप्स (म्हणजे इथे तळलेल्या बटाट्याच्या जाड फोडी) आणि अनियन रिंग्ज त्याच कढईत तळतात जिच्यात मासे तळले. छोट्या स्वयंपाकघरात दुसरी कढई असेलच असं नाही, म्हणून ‘व्हेजचं तेल वेगळं आहे का?’ हा पहिला प्रश्न. दुसरा ग्रेव्हीचा: तपकिरी ग्रेव्ही मांसाच्या स्टॉकवर करतात. तिसरा वुस्टरशायर सॉसचा, पारंपरिक कृतीत अँकोव्ही मासे असतात. व्हेज पाय म्हणजे भाज्यांवर बटाट्याचा थर देऊन भाजलेला पदार्थ; त्या थराला रंग यावा म्हणून अंडं फासतात, तेही विचारा. श्रावणात यातल्या बऱ्याच जागा शाकाहारी पदार्थ वाढवतात. त्या महिन्यात गेलात तर पानात निवड जास्त मिळेल.

प्रश्न : फिश अँड चिप्स दर वेळी मऊ पडलेले मिळतात. घरी केले तरी तेच. चुकतं कुठे? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

पदार्थ मुळात इंग्लंडचा, पण डब्लिनमध्येही तितकाच रुळलेला. मऊ पडण्याचं कारण एकच, पाणी. ते तीन वाटांनी येतं.

पहिली वाट मासा. गोठवलेला बासा वितळताना भरपूर पाणी सोडतो आणि तो पुरता न पुसता पिठात बुडवला की आवरण आतून वाफाळतं. जिताडा, घोळ किंवा रावस घ्या. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला सकाळी गेलात तर ताजा मिळण्याची शक्यता अधिक. सुरमई तळलेली उत्तमच, पण या जाड आवरणात ती कोरडी लागते. दोन सेंटीमीटर जाडीचे, 120 ग्रॅमचे काटे काढलेले तुकडे करा. मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी कापडानं टिपा. बोंबील दाबून पाणी काढतो, तीच काळजी इथे घ्यायची. मग कोरड्या मैद्यात घोळवा. ही पायरी गाळली तर आवरण माशापासून सुटतं.

दुसरी वाट पीठ. मैदा 100 ग्रॅम, तांदळाचं पीठ 50 ग्रॅम, बेकिंग पावडर एक चमचा, मीठ अर्धा चमचा आणि अगदी गार लागर 180 ते 200 मिली. बिअर शेवटच्या क्षणी घाला आणि दहा-बारा वेळाच ढवळा. गुठळ्या राहिल्या तरी चालतील. जास्त घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि आवरण चिवट होतं. बिअर चवीसाठी कमी, वायूसाठी जास्त. वायू आवरणात पोकळ्या करतो आणि अल्कोहोल लवकर उडून ते कोरडं करतं. स्टाउट वापरू नका, रंग लवकर गडद होऊन आतला मासा कच्चा राहतो.

तिसरी वाट तेल आणि ताट. तेल 180 अंश हवं. दीड लिटर तेलात एका वेळी दोनच तुकडे, पाच ते सहा मिनिटं. चार टाकले की तापमान कोसळतं आणि पीठ तेल पितं. शुक्रवारी रात्री भरलेल्या पबमध्ये नेमकं हेच होतं. संध्याकाळी सात-साडेसातला मागवून पाहा, फरक कळेल. काढलेला तुकडा जाळीवर ठेवा. टिश्यूवर ठेवला की खालची बाजू वाफेनं ओली होते. घरपोच मागवाल तर बंद डबा हीच मोठी अडचण, कुरकुरीत राहण्याची आशा ठेवू नका.

चिप्स दीड सेंटीमीटर जाड कापा, धुवा, 140 अंशांवर सात मिनिटं तळून थंड करा आणि वाढताना 190 अंशांवर तीन मिनिटं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, म्हणून ते आत शिजायच्या आधीच तपकिरी होतात.

प्रश्न : बिलात सर्व्हिस चार्ज आणि दारूवरही जीएसटी लावला. द्यायचा का? मुलगा 22 वर्षांचा आहे, तो सोबत पिऊ शकतो का? (एक वाचक, बेलापूर)

दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, जीएसटी फक्त खाण्यावर. दोन्ही रकमा बिलात वेगळ्या दिसायला हव्यात. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 4 जुलै 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. काढून मागा, नाही काढला तर 1915 या हेल्पलाइनवर तक्रार करा. वाढणाऱ्यानं मन लावून केलं असेल तर टीप त्याच्या हातात द्या.

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय 21, व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी 25. मुलगा स्टाउट घेऊ शकतो, आयरिश कॉफी नाही, कारण तिच्यात व्हिस्की असते.

प्रश्न : आयरिश कॉफी घरी केली, क्रीम बुडून सगळी दुधाळ झाली. (एक वाचक, कोपरखैरणे)

हे पेय 1940 च्या दशकात आयर्लंडमधल्या फॉइन्सच्या विमानतळावर जो शेरिडन या शेफनं थंडीनं गारठलेल्या प्रवाशांसाठी तयार केलं. मूळ गंमत थंड क्रीममधून गरम कॉफी पिण्यात आहे, त्यामुळे थर टिकलाच पाहिजे.

बहुतेक घरांत चूक क्रीमपासून होते. साध्या फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के स्निग्धांश असतो, ते नीट फेटलं जात नाही. 30 टक्के किंवा त्याहून जास्त असलेलं दुधाचंच व्हिपिंग क्रीम घ्या. भांडं आणि रवी फ्रीजमध्ये गार करा आणि 50 मिली क्रीम बासुंदीइतकं दाट होईपर्यंतच फेटा. ते चमच्यावरून ओघळलं पाहिजे. शिखरं उभी राहिली तर कॉफीवर गोळा तरंगतो आणि ओठाला लोणी लागतं. केकवरचं वनस्पती तुपाचं गोड क्रीम तरंगतं खरं, पण टाळूला चिकटतं.

दुसरी चूक साखर टाळण्याची. साखरेनं कॉफी जड होते, व्हिस्कीनं हलकी. साखर नसेल तर क्रीमला आधार मिळत नाही. 240 मिलीचा जाड काचेचा ग्लास उकळत्या पाण्यानं तापवून रिकामा करा. दोन चमचे ब्राउन शुगर, 120 मिली कडक गरम कॉफी घालून साखर पूर्ण विरघळवा, मग 40 ते 50 मिली आयरिश व्हिस्की. कॉफीचं फिरणं थांबू द्या. चमचा पालथा धरून त्याचं टोक पृष्ठभागाला टेकवा आणि क्रीम त्याच्या पाठीवरून सावकाश सोडा, चमचा हळूहळू वर घ्या. त्यानंतर ढवळायचं नाही, स्ट्रॉही द्यायची नाही.