घरापुरत्या बीफसाठी बुटक्या जातीच्या गाईंची पैदास परवडते का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा दिसतो: दोन एकर कुरण आहे, घरापुरतं बीफ व्हावं, उरलं तर चार ओळखीच्यांना विकावं, त्यासाठी मिनिएचर गाई घेऊन पैदास करावी का आणि जात कोणती घ्यावी? मी डेक्स्टर या बुटक्या जातीच्या गाई पाळतो. कळप सात-आठ जनावरांच्या वर कधी नेला नाही, त्यामुळे मोठ्या धंद्याचं मला विचारू नका. घरापुरतं म्हणाल तर जरूर पाळा. फक्त गाय निवडताना तिची उंची बघू नका, पाठ आणि मांड्या बघा.

'लहान गाय कमी खाते' हे सगळ्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. एका गाईपुरतं ते खरंच आहे. पण जनावराला नुसतं जगायला लागणारा चारा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या ०.७५ घाताने वाढतो. म्हणजे ६०० किलोच्या एका गाईऐवजी ३०० किलोच्या दोन ठेवल्या तर वजन तेवढंच राहतं, पण जगण्याचा खर्च सुमारे १९ टक्के वाढतो. शिवाय लस, कानातला बिल्ला, डॉक्टरची फेरी, खाटकाची मजुरी हे सगळं डोक्यामागे. जनावर लहान म्हणून यातलं काही अर्धं होत नाही. तेव्हा किलोमागे स्वस्त पडेल ही आशा सोडा. फायदा वेगळा आहे. एका वेळी घराला झेपेल एवढंच मांस येतं, ओल्या जमिनीत कुरणाचा चिखल कमी होतो, एकटा माणूस जनावर आवरू शकतो. आणि दोनपैकी एक गाय उलटत राहिली, फळलीच नाही, तरी दुसरीचं वासरू असतं.

आता डोकी मोजा, कारण इथेच बहुतेकांचा हिशोब फसतो. बुटक्या जातीचा खच्ची केलेला गोऱ्हा कापायच्या वजनाला यायला दोन वर्षं तरी धरा. दोन गाई दरवर्षी व्यायल्या की तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे दोन गाई, दोन तान्ही वासरं, वर्षाची दोन आणि दोन वर्षांची दोन, अशी एकाच वेळी आठ जनावरं असतात. 'दोन एकरात दोन गाई' म्हणता म्हणता हे होतं. मी पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा चारा विकत आणायची वेळ आलेलीच होती.

डेक्स्टर ही आयर्लंडची जात, गाय साधारण ३०० ते ३५० किलोची. तिच्यात आखूड पायांचं एक जनुक फिरतं. त्याची एक प्रत असली तर जनावर ठेंगणं, रुंद, दिसायला मोठं गोंडस. दोन प्रती आल्या की वासरू जगतच नाही. त्याला बुलडॉग वासरू म्हणतात आणि गाय बहुधा सातव्या महिन्याच्या आसपास गाभ टाकते. आखूड पायांचा वळू आखूड पायांच्या गाईला दाखवला तर दर वेळी चारात एक शक्यता याचीच. मला हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दिसायला छान म्हणून जोडी आणली, गाय फळली म्हणून खुशीत होतो, आणि एका सकाळी गोठ्यात जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. आता केसांच्या नमुन्यावरून तपासणी होते. अहवाल हातात आल्याशिवाय पैदाशीचं जनावर घेऊ नका. सरळ साधा मार्ग म्हणजे हे जनुक नसलेला, लांब पायांचाच वळू वापरा. मांसासाठी आखूड पाय लागतात कुठे?

हे फक्त डेक्स्टरचं दुखणं नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात हेरफर्ड या मांसाच्या जातीत गुटगुटीत, बसक्या जनावरांची फॅशन आली होती. त्या आकाराच्या नादात लोकांनी नकळत खुजेपणाच्या जनुकाचे वाहक वळू निवडले, आणि १९५० च्या दशकात खुजी, घरघरणारी वासरं इतकी जन्मू लागली की नावाजलेल्या वंशावळींवरचा लोकांचा विश्वासच उडाला.

याच्या उलट ऑस्ट्रेलियाची लोलाइन. न्यू साउथ वेल्समधल्या ट्रँगी इथल्या संशोधन केंद्रात १९२९ पासून अँगस या मांसाच्या जातीचा कळप होता. १९७४ पासून तिथे पहिल्या वर्षातली वाढ बघून जनावरांचे वेगाने वाढणारे आणि सावकाश वाढणारे असे गट पाडून पैदास केली. पंधरा वर्षांत सावकाश गट वेगवान गटाहून सुमारे ३० टक्के लहान झाला. यात खुजेपणाचं जनुक नाही, सगळं शरीरच प्रमाणात लहान. निव्वळ बीफ हवं असेल तर मी आज हीच घेतली असती. डेक्स्टर दूधही देते म्हणून मी तिच्यावर टिकून आहे. पुंगनूर, वेचूर या बुटक्या असल्या तरी दुधाच्या जाती, मांसासाठी त्यांच्या मागे लागू नका.

दोन गाईंसाठी वळू पाळणं आतबट्ट्याचं. बुटका असला तरी तो ४०० किलोचा वळूच असतो, आणि त्याच्याच पाड्या पुढे त्यालाच दाखवायची वेळ येते. कृत्रिम रेतन करा. मोठ्या जातीचं वीर्य मात्र लहान कालवडीला देऊ नका, वासरू अडतं.

किमतींचंही सांगतो. मिनिएचरचा बराचसा बाजार 'एकाने दुसऱ्याला पैदाशीसाठी विकायचं' यावर चालतो. इंच जितके कमी तितकी किंमत जास्त. त्या किमतीला घेतलेल्या गाईचा खर्च मांसातून निघत नाही.

मांस किती? ३५० किलोच्या गोऱ्ह्याचं सोललेलं धड १८० किलोच्या आसपास भरतं. हाडं, जादा चरबी आणि सुकून होणारी घट वजा जाता हाती ११० ते १२० किलो. त्याला २०० ते २५० लिटरचा फ्रीझर लागतो. कत्तलीचे आणि विक्रीचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते गाय आणण्याआधी बघा, नंतर नाही. खाटकाला एक गोष्ट आवर्जून सांगा: लहान, कमी चरबीचं धड लगेच कडक थंडीत टाकू नको. स्नायू ताठरण्याआधी मांस १० अंशांखाली गेलं तर ते आकसून चामट होतं, आणि लहान धड फार झटकन गार होतं. कमरेच्या हाडातून टांगलं तर आणखी बरं.

गाई घेण्याची घाई मात्र करू नका. आधी दूध सुटलेले, खच्ची केलेले दोन गोऱ्हे आणा आणि शेवटपर्यंत वाढवून बघा. त्यात चाऱ्याचा अंदाज येईल, खाटीक कसा आहे ते कळेल, आणि त्यांना गाडीत चढवताना घरच्यांचे चेहरे कसे होतात तेही दिसेल. दोनच आणा, एक नको. एकटं जनावर दिवसभर हंबरतं आणि रात्री कुंपण मोडतं.