कटिंग, छाटणी, खुडणी: फायकसच्या पहिल्या बोन्सायसाठी नेमकं काय?

प्रश्न असा आहे: नर्सरीतून फायकसचं (वड-पिंपळाच्या कुळातलं) रोप आणलंय, त्याचं पहिलं ‘स्टायलिंग’ करायचंय. कोणी सांगतं ‘कटिंग करा’, कोणी ‘छाटा’, कोणी ‘खुडा’. हे सगळं एकच का? ‘स्टायलिंग’ला मराठीत काय म्हणावं? आणि तो बोन्साय की ते बोन्साय?

शेवटचं आधी उरकून टाकू. दोन्ही चालतं, पण झाड नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘बोन्साय सुकलं’ कानाला जास्त बरं लागतं. मूळ जपानी शब्दात ‘बोन’ म्हणजे पसरट कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लावणी. म्हणजे बोन्साय ही झाडाची जात नव्हे. ‘बोन्सायचं बी’ म्हणून जे विकलं जातं ते साध्याच झाडाचं बी असतं.

‘स्टायलिंग’साठी नवा शब्द पाडायची गरज नाही. फळबागेत ‘वळण आणि छाटणी’ ही जोडी केव्हाच रुळली आहे. द्राक्षाचं खोड किती उंच न्यायचं, ओलांडे (आडव्या मुख्य फांद्या) कुठल्या दिशेला सोडायचे, हे ठरवून वेल तशी वाढवणं म्हणजे वळण देणं. त्यानंतर दरवर्षी एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. बोन्सायचंही तसंच: आधी वळण ठरतं, मग कात्री चालते. नवखा माणूस बहुधा उलट करतो, म्हणून ‘वळण’ हा शब्द वापरावा असं माझं ठाम मत आहे. त्या शब्दातच विचार आधी येतो.

वळण ठरवायचं तर वरची दोन-तीन सेंटिमीटर माती काडीने उकरून बुंधा मोकळा करा. नर्सरीतल्या रोपांची पसरलेली मुळं बऱ्याचदा मातीखाली गेलेली असतात. ती दिसल्यावर दर्शनी बाजू ठरवा: जिथून बुंधा रुंद दिसतो आणि खोडाचा बाक कळतो ती. इथपर्यंत कात्री खिशातच.

त्यानंतरचं पहिलं काम छाटणी नसून विरळणी असतं. विरळताना फांदी जिथून फुटली तिथूनच पूर्ण जाते, छाटताना ती आखूड होते पण राहते. एकाच जागेतून तीन-चार फांद्या फुटल्या असतील तर एक किंवा दोन ठेवा. सगळ्या ठेवल्या तर तिथे गाठ फुगते आणि खोड वर निमुळतं होण्याऐवजी मध्येच जाड दिसतं. ती गाठ पुढे जात नाही. फायकस कापला की पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपा. पहिल्या बैठकीत एक तृतीयांशाहून जास्त पाला काढू नका आणि त्याच दिवशी मुळांना हात लावू नका. काम उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाळ्याच्या तोंडावर केलं की फूट लवकर येते.

‘कटिंग’ हा शब्द मात्र टाळलेला बरा. नर्सरीवाला ‘कटिंग’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे छाटकलम असतं, म्हणजे मुळं फुटण्यासाठी मातीत खोचलेली काडी. ‘याचं कटिंग करता येईल का?’ असं विचारलंत तर उत्तर भलत्याच कामाचं मिळेल.

आता छाटणं आणि खुडणं. गोंधळ इथेच सर्वांत जास्त, आणि महागही इथेच पडतो. छाटायला कात्री लागते, खुडायला नखं. कोवळा शेंडा उलगडायच्या आत चिमटीत धरून काढला की ते खुडणं. तंबाखूचा शेंडा खुडतात तसंच. शेंडा असेपर्यंत तो ऑक्झिन नावाच्या संप्रेरकामुळे खालच्या डोळ्यांना (जिथून नवी फूट येते त्या कोंबांना) दाबून ठेवतो. तो गेला की खालचे डोळे फुटतात, फाटे वाढतात आणि दोन पेरांमधलं अंतर कमी राहतं. पण खुडलेल्या फांदीची जाडी वाढायची थांबते. खालची फांदी काडीसारखी बारीक असताना कोणी ‘खुडत राहा’ म्हणालं तर ऐकू नका. ती मोकळी वाढू द्या, हवी तेवढी जाड झाली की दोन पानं ठेवून छाटा. चीनमधल्या लिंगनान परंपरेत जवळजवळ सगळा आकार असाच, छाटून आणि वाढवून घडवतात. खुडणी हे बारीक फाटे भरताना करायचं काम आहे. पहिल्या दिवशी तिची गरजच नसते.

तारेबाबतही तसंच. ‘तार बांधा’ हे अर्धवट सांगणं झालं. बांधणं म्हणजे ताण देऊन फांदी खाली ओढणं. वळवण्यासाठी तार गुंडाळायची असते. ॲल्युमिनियमची तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घ्यावी, लांबी फांदीच्या दीडपट, वेटोळे पंचेचाळीस अंशांवर. वेटोळे जवळजवळ आले की धरण्याची ताकद जाते, लांब गेले तर फांदी त्यांच्या मधल्या जागी मोडते. पावसाळ्यात फायकस भराभर जाड होतो, म्हणून तार दर आठवड्याला बघा. सालीत रुतू लागली की काढायची, फांदी वळणावर बसली नसली तरीही. पुन्हा लावता येते; रुतल्याचा चट्टा मात्र वर्षानुवर्षं दिसतो.

काही जपानी शब्द तसेच ठेवावेत. ‘नेबारी’ला एकशब्दी पर्याय नाही, ‘बुंध्याची पसरलेली मुळं’ असं फोडून सांगावं लागतं. ‘जिन’ला मात्र आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे: वठणे. जिन म्हणजे मुद्दाम साल काढून वठवलेली फांदी. जुनिपर या सूचिपर्णी झाडावर ती टिकते. फायकसचं लाकूड मऊ, आपल्या पावसात ते कुजतं, तेव्हा तिथे हा शब्द कळला तरी पुरे.

आणि तार काढताना ती ‘उलगडू’ नका, ‘तोडा’. प्रत्येक वेटोळ्यावर पक्कड लावून तुकडे करा. उलगडायला गेलं की तारेचं टोक नव्या फुटीत अडकतं आणि वर्षभर जपलेला डोळा मोडून हातात येतो.