घरात मार खाणाऱ्या पुरुषाला ब्रिटनमध्ये आधार कसा द्यायचा

‘अरे, बायकोचा मार खातोस?’ एवढं एकदा ऐकलं की तो पुरुष पुन्हा तोंड उघडत नाही. ‘तूच काहीतरी केलं असशील’, ‘जरा समजून घे, चार लोक काय म्हणतील’ यांनीही तेच होतं. मुलगा, भाऊ किंवा मित्र पहिल्यांदा सांगायला लागला, तर त्याला सांगा की तुझ्यावर विश्वास आहे. मग दोनच प्रश्न विचारा: आत्ता तू सुरक्षित आहेस का, आणि मुलं कुठे आहेत? बाकीचं नंतर.

बहुतेकजण आपणहून सांगतच नाहीत. गणपतीला सगळे जमलेले असताना एकाचा फोन वाजतो, तो पहिल्याच रिंगला उचलतो आणि कॅमेरा फिरवून शेजारी कोण बसलंय ते दाखवतो. चांगली नोकरी असूनही दहा पौंड काढायचे तर त्याला घरी विचारावं लागतं. हल्ली त्याने भारतात फोन करणंही सोडलंय. अशा माणसाला घोळक्यात काही विचारू नका. गाडीपर्यंत सोबत चाला आणि तिथे विचारा.

‘पुरुषाला कुठे कायदा असतो?’ ही समजूत आपण भारतातून घेऊन येतो, कारण तिथला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त स्त्रीला दाद मागू देतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तसं नाही. २०२१ चा डोमेस्टिक अब्यूज अ‍ॅक्ट स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी, सततचा मानसिक छळ हे सगळं त्यात येतं, आणि छळणारा जोडीदार पुरुष असला किंवा नातेवाईक असला तरी कायदा लागू होतो. माणसाला सतत धाकात आणि ताब्यात ठेवणं हा २०१५ पासून गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. इथल्या सरकारी पाहणीनुसार मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात १४ लाख स्त्रिया आणि ७ लाख ५१ हजार पुरुषांनी घरगुती छळ सोसला. त्या १४ लाखांचं दुःख याने तसूभरही कमी होत नाही, पण ‘असं फक्त माझ्याच बाबतीत होतंय’ हे त्याच्या मनातून निघायला हवं.

जिवाला धोका असेल तर ९९९. बोलता येत नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावून ५५ दाबायचं, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो. त्याने ठिकाण आपोआप कळत नाही, म्हणून जमेल तसा पत्ता पुटपुटायचा. भारतातून ९९९ लागत नाही. त्यामुळे आईवडिलांकडे मुलाचा पोस्टकोडसह पूर्ण पत्ता आणि जवळच्या एका मित्राचा नंबर लिहून ठेवलेला असावा, आणि पोलिसांना फोन त्या मित्राने करावा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते भांडणाच्या त्या पाच मिनिटांत. तो तिचा हात धरतो, दार अडवतो, फोन हिसकावतो. पोलीस येतात तेव्हा वळ तिच्या मनगटावर दिसतात आणि ठाण्यात त्यालाच नेलं जातं. म्हणून त्याला आधीच बजावून ठेवा: भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबायचं नाही, बाहेर जाता येईल अशा दाराकडे सरकायचं आणि निघायचं.

पुरावा त्याच दिवशी नोंदवलेला असेल तर त्याला वजन येतं. तारीख, वेळ, नेमके शब्द, घरात कोण होतं. शब्द मराठीत बोलले गेले तर मराठीतच लिहायचे. ओरखडा किंवा चावा असेल तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा काढायचा, कारण मुका मार नंतर काळानिळा पडतो. ‘कपाटाला आपटलो’ असं न सांगता जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, खरं कारण सांगायचं. ती नोंद पुढे सरकारी खर्चाने वकील मिळवतानाही कामी येते. हे सगळं नव्या ईमेलवर ठेवायचं, आणि तो ईमेल घरातल्या सामायिक टॅबवर कधीही उघडायचा नाही.

व्हिसाची भीती सर्वात खोल असते. आता व्हिसा ऑनलाइन खात्यात असतो. त्या खात्याला जोडलेला ईमेल आणि फोन नंबर त्याच्याच हातात आहे का, ते आधी तपासा. बायको ब्रिटिश नागरिक असेल किंवा तिला कायम राहण्याचा हक्क असेल आणि तो तिचा जोडीदार म्हणून इथे असेल, तर छळामुळे संसार मोडल्यावर त्याला तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी मागता येते आणि त्या मुदतीत कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. बायको नोकरीच्या व्हिसावर असेल तर फेब्रुवारी २०२४ पासून तीन महिने मिळू शकतात, पण त्यातून कायमचा हक्क मिळत नाही आणि आधीचा व्हिसा जातो. म्हणून इमिग्रेशन सल्लागाराला विचारल्याशिवाय अर्ज भरू नये.

मुलांना घेऊन रागाच्या भरात मुंबईचं विमान पकडू नये. पालकत्वाचा हक्क असलेल्या सगळ्यांची संमती किंवा कोर्टाची परवानगी नसेल तर तो गुन्हा ठरू शकतो. तीच मुलांना घेऊन जाईल अशी शंका असेल तर कोर्टाकडून मनाई आदेश घ्यावा, तोही वेळेत. मुलं पळवण्याविरुद्धच्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे एकदा मुलं तिकडे गेली की परत आणणं फार जड जातं.

छळ थांबवण्याचा आदेश, म्हणजे नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर, मागायला एफएल ४०१ हा फॉर्म भरायचा. फी नाही. निकड असेल तर समोरच्या व्यक्तीला न कळवताही आदेश मिळू शकतो, आणि तो मोडणं गुन्हा आहे. घर सोडायचं झालं तर पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, औषधं आणि बँकेचं कार्ड एका पिशवीत, आणि ती पिशवी मित्राकडे. पगार नव्या खात्यात वळवायचा तर महिन्याच्या सुरुवातीलाच ऑफिसात सांगावं; पगाराची यादी बंद झाली की तो महिना जुन्याच खात्यात जातो. भाडेकरार दोघांच्या नावावर असेल तर घर सोडल्यानेही भाड्याची जबाबदारी सुटत नाही.

भारतातल्या आईवडिलांना कळकळीची विनंती: सुनेला फोन करून जाब विचारू नका, आणि व्याह्यांना बोलावून ‘बसून मिटवू’ म्हणू नका. त्या बैठकीनंतर तो त्याच घरात, त्याच दाराआड परततो, आणि तो कोणाशी काय बोलला हे तिला कळलेलं असतं. आपल्यावर तिकडे तक्रार होईल अशी धास्ती असेल तर भारतातला वकील वेगळा गाठा; इथला वकील ते पाहत नाही.

पुरुषांसाठी ‘मेन्स अ‍ॅडव्हाइस लाइन’ आहे: ०८०८ ८०१ ०३२७, फोन मोफत, सोमवार ते शुक्रवार. पहिला फोन त्याला स्वतःच्या मोबाइलवरून करायला लावू नका. तुमच्या घरी बोलवा, तुमचा फोन द्या, चहा ठेवा आणि खोलीचं दार लोटून घ्या.