पंक्चर काढायचं की टायर बदलायचा? आधी टायर आतून बघा, मग पैशाचं बोलू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुढच्या डाव्या टायरमध्ये खिळा घुसला, हवा गेलीय हे कळेपर्यंत गाडी तशीच थोडी चालली, टायर ३ वर्षांचे, नक्षी (टायरवरच्या खाचांची खोली) अजून ५ मिमी शिल्लक, टायरवाला म्हणतोय चारही बदला, घरचे म्हणतायत बाहेरून स्ट्रिप (भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी) मारून घे नि विषय संपव. आणि चार टायर घेतले तर इमर्जन्सी फंडातून बरीच रक्कम जाईल याची तुम्हाला धास्ती आहे.

मला विचाराल तर आज दोन्हींतलं काहीच करू नका. टायर रिमवरून उतरवून आतून तपासून घ्या, त्याचे जे पैसे होतील ते बिनधास्त द्या. या सगळ्या खर्चात सगळ्यात उपयोगी पैसे तेच, कारण त्याआधी केलेला कुठलाही हिशोब अंदाजावरच चालणार.

तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते 'गाडी तशीच थोडी चालली' हे वाक्य. खिळ्याच्या भोकाने टायर सहसा वाया जात नाही, पण हवा नसताना चालवलं की गाडीचं सगळं वजन साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर येतं, ती दुमडत राहते, गरम होते आणि आतलं रबर घासून त्याची पावडर होते. बाहेरून टायर अगदी धडधाकट दिसतो. उतरवल्यावर आत काळी पावडर दिसली किंवा साइडवॉलवर आतून गोल घासल्याचा पट्टा दिसला तर तो टायर गेला, मग नक्षी कितीही असो आणि तो कितीही महाग घेतलेला असो. तेव्हा 'एवढे पैसे घातलेत, वाया कसे घालवू' असं मनात येईल, येतंच, पण ते पैसे खिळा घुसला त्या दिवशीच गेलेत, आता तो टायर वापरत राहून ते परत येणार नाहीत. साइडवॉलवर कट किंवा फुगा असेल, भोक कडेला खांद्याजवळ असेल किंवा ६ मिमीपेक्षा मोठं असेल तरी उत्तर तेच. इथे पैशाचा विचार करायचाच नाही, गाडीत घरची माणसं बसतात.

आतून सगळं स्वच्छ निघालं आणि भोक मधल्या नक्षीत असेल तर मात्र रिपेअरच करा, नवा टायर घ्यायचं काही कारण नाही. फक्त रिपेअर नीट करून घ्या. बाहेरून मारलेल्या स्ट्रिपने हवा थांबते हे खरंय, पण त्यात टायर आतून कोणी बघतच नाही, म्हणून टायर बनवणारे तिला पूर्ण रिपेअर मानत नाहीत. नुसता आतून पॅच लावला तर भोक बाहेरून उघडं राहतं, पाणी आत शिरतं आणि आतल्या स्टीलच्या तारांना गंज धरतो. म्हणून मशरूम पॅच सांगा, त्याचा दांडा भोक भरतो आणि वरची छत्री आतून चिकटते. स्ट्रिपपेक्षा जास्त पैसे आणि वेळ लागेल, लागू द्या.

आता हिशोब. नवा टायर साधारण ८ मिमी नक्षीचा येतो आणि बऱ्याच देशांत कायद्याने १.६ मिमीपर्यंत वापरता येतो, खाचांमध्ये तेवढ्या उंचीच्या छोट्या पट्ट्या दिलेल्या असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते मधल्या ६.४ मिमीचे. तुमच्याकडे ५ उरलेत, त्यातले वापरण्याजोगे ३.४, म्हणजे टायरची जवळजवळ ५३ टक्के किंमत अजून वसूल व्हायचीय. पावसात ओल्या रस्त्यावर ब्रेक नीट लागावा म्हणून मी स्वतः ३ मिमीलाच टायर काढा म्हणते, तसं धरलं तरी ४० टक्के शिल्लक आहेत. चांगला टायर आज फेकला तर एवढं नुकसान, आणि टायरवाला म्हणतो तसे चारही फेकले तर त्याच्या चौपट. हाच टायर २.५ मिमीवर असता तर कायद्याच्या मर्यादेपर्यंतसुद्धा जेमतेम १४ टक्के उरले असते आणि मी रिपेअरच्या भानगडीत पडूच नका म्हटलं असतं. नव्या टायरची किंमत बघून घाबरायचं किंवा रिपेअर स्वस्त म्हणून खूश व्हायचं यापेक्षा उरलेली नक्षी मोजा.

वय पण बघा. साइडवॉलवरच्या कोडचे शेवटचे ४ आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३२२ असेल तर २०२२ सालचा २३वा आठवडा. दुकानातून घेतलेली तारीख आणि बनल्याची तारीख यात बरंच अंतर असू शकतं. ३ वर्षांची काळजी नाही, १० वर्षं झालेला टायर नक्षी असली तरी काढायचा.

आणि टायर खरंच गेलेला निघाला तर? तेव्हाही चार घ्यायची गरज नाही. एका अॅक्सलवरचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही टायर सारखे असावेत, एकीकडे ८ आणि दुसरीकडे ५ मिमी बरं नाही, म्हणून लोक जोडी घेतात. पण तुमची स्टेपनी बघा ना आधी! ती पूर्ण साइजची, त्याच मॉडेलची, न वापरलेली आणि वयाने ठीक असेल तर एकच नवा टायर घ्या, तो आणि स्टेपनी मिळून जोडी मागे लावा, मागचे दोन पुढे आणा, आणि पुढचा उजवा टायर स्टेपनी म्हणून ठेवा. जास्त नक्षीचे टायर मागेच, कारण ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली तर गाडी सावरणं फार अवघड. बारीक, ८० च्या स्पीडचं लेबल असलेली तात्पुरती स्टेपनी असेल तर हे जमणार नाही, मग दोन घ्या. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह (इंजिन चारही चाकं फिरवतं अशी) असेल तर किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये बघून मगच ठरवा, तिथे कधीकधी चारही बदलावे लागतात.

इमर्जन्सी फंडाबद्दल. एक-दोन टायर त्यातून घेतले तरी चालेल, कार्डच्या हप्त्यांपेक्षा ते बरं, फक्त पुढच्या काही महिन्यांत ते पैसे परत भरा. पण टायर झिजणार हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, त्याला इमर्जन्सी म्हणणं मला पटत नाही. चार टायरची किंमत काढा, तुमच्या वापराने ते ४ वर्षं जात असतील तर ४८ ने भागा आणि तेवढे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, सर्व्हिसिंगचेही तिथेच. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना चेक करा, कमी हवेने टायर लवकर झिजतो आणि पेट्रोलही जास्त जातं.

सध्या स्टेपनी लावून ठेवा, आणि टायर उतरवताना तिथे उभ्या राहून आतला फोटो काढा, टायरवाला पुन्हा 'चारही बदला' म्हणाला तर तो फोटो दाखवून कारण विचारता येईल.