बटणं शिकवली, शिकवायचं राहिलं

प्रश्न: सर नमस्कार, मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवते, १६ वर्षं झाली. ऑनलाइन टीचिंगचा आठवडाभराचा एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांसाठीचं ट्रेनिंग, केला, त्यात मीटिंग कशी लावायची, स्क्रीन शेअर, क्विझचा फॉर्म एवढंच झालं आणि सर्टिफिकेट मिळालं. पण लेक्चर सुरू केलं की समोर नुसते काळे चौकोन, एक पोरगं बोलत नाही. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: मॅडम, तुमचं चुकत नाहीये, ट्रेनिंगच अर्धं झालंय. वर्गात कुणाच्या कपाळाला आठी पडली की आपण तिथंच थांबतो, परत सांगतो, आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण करतोय हेही कळत नाही. ऑनलाइन ते चेहरेच दिसत नाहीत, म्हणून थांबायच्या जागा आधीच ठरवून बसावं लागतं.

आयआयटी मुंबईच्या मंडळींनी लॉकडाऊनच्याही आधी शिक्षकांसाठी ऑनलाइन कोर्स घेतले, त्यात हेच होतं. छोटा व्हिडिओ, मधेच 'रिफ्लेक्शन स्पॉट', म्हणजे शिकवणारा प्रश्न टाकतो, पॉज करून वहीत उत्तर लिहा म्हणतो आणि मगच पुढं जातो. शिक्षक आधी स्वतः विद्यार्थी होऊन यातून जातो, मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुमच्याच विषयातलं बघा. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते, शिकवताना व्याख्या बाजूला ठेवा आणि विचारा, कांदा ३० चा ६० झाला तर तुमच्या घरी किती कमी येईल, आणि मीठ दुप्पट महागलं तर? सगळ्यांनी चॅटमध्ये टाइप करायचं पण मी म्हणेपर्यंत सेंड करायचं नाही. मग एकदम तीस-चाळीस उत्तरं येतात, कॉपी होत नाही, बुजरी पोरंही लिहितात, आणि त्या उत्तरांवरूनच व्याख्या काढता येते. कॅमेऱ्याची सक्ती मात्र नको, एका खोलीत पाच माणसं राहतात अशा घरातली पोरं आहेत ती.

आता ट्रेनिंगचं. मालवीय मिशन, म्हणजे कॉलेजच्या शिक्षकांच्या ट्रेनिंगची सरकारी योजना, तिचे कोर्स ऑनलाइन होतात, कुठलाही घेण्याआधी एकच विचारा, मला दहा मिनिटं शिकवायला मिळणार का आणि त्यावर कुणी बोलणार का? नसेल तर दोन-तीन सहकारी मिळून घरीच करा. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी मोबाईलवर, वायफाय बंद करून जॉइन व्हायचं, तेव्हा कळतं आपली पीपीटी पोरांना वाचताच येत नव्हती. रेकॉर्डिंग बघून सलग किती मिनिटं आपणच बोललो तेही मोजा. आणि हे ऑनलाइन शिकवणं फक्त कोरोनापुरतं नव्हतं हो, यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून, करता येतात.

कांद्याचा प्रश्न विचारलात की चॅटमध्ये काय काय आलं ते मला नक्की कळवा.