ज्येष्ठांच्या वसाहतीत रोजचं आयुष्य नेमकं कसं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही बंगळूरला, बहीण कॅनडात, आई-बाबा (७० आणि ७४) साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पुण्याच्या आसपास ज्येष्ठांच्या वसाहतीत त्यांच्यासाठी घर बघताय. तिथे माणसं दिवसभर करतात काय, आणि ‘पोरांनी आणून टाकलं’ असं त्यांना वाटेल का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी तळेगावजवळच्या अशाच एका वसाहतीत सात वर्षं राहतेय. वय ७५. १९७१ साली नाशिकच्या ट्रंक एक्स्चेंजवर (बाहेरगावचे फोन हाताने जोडून द्यायचे तिथे) चिकटले आणि २०१० मध्ये टेलिफोनमधूनच निवृत्त झाले. इथे आलो तेव्हा आम्ही दोघं होतो, हे जाऊन तीन वर्षं झाली. वसाहतीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल थोडं वाईटही लिहिणार आहे आणि मला रोज जेवायला तिथेच जायचंय.

सगळ्यात आधी दुधाच्या पिशवीचं सांगते. आमच्या प्रत्येक दाराबाहेर एक खुंटी आहे, तिला कापडी पिशवी. दूधवाला पावणेसहाच्या सुमारास त्यात दूध टाकून जातो. सातपर्यंत ती पिशवी आत गेली नाही तर समोरचं माणूस बेल वाजवतं. दार उघडलं नाही तर फोन. फोनही उचलला नाही तर खाली वॉचमनकडे दुसरी किल्ली असते. हा नियम कुठल्या माहितीपत्रकात नाही आणि कोणी सुरू केला तेही आता कोणाला आठवत नाही.

माहितीपत्रकात होती ती लाल दोरी. बाथरूममध्ये टांगलेली, ओढली की खाली ऑफिसात घंटा वाजते. घर घेताना आम्हाला ती दोनदा ओढून दाखवली होती, तिसऱ्यांदा यांनी स्वतः ओढून खात्री केली. गेल्या वर्षी श्रावणात अंघोळ करून निघताना मी घसरले. मनगट मोडलं आणि उठता येईना. दोरीकडे बघते तर ती वर नळाच्या पाइपला गुंडाळून व्यवस्थित गाठ मारलेली. फरशी धुताना भिजते, मध्ये येते, म्हणून सफाईवाल्या बाईंनी बांधून ठेवलेली. त्यांना तरी काय बोलणार? मी स्वतः कित्येक महिने ती तशीच बघत होते, मला कुठे खटकलं? पडलेल्या माणसाचा हात पोचायचा तर दोरी जमिनीपासून वीतभर वर लोंबायला हवी, ही अक्कल जमिनीवर पडल्यावरच येते. सव्वासहाला पडले होते. सात वाजून पाच मिनिटांनी समोरच्या वहिनींनी बेल वाजवली. दूध बाहेरच होतं.

नंतर मी लेखी तक्रार केली. ऑफिसने सगळ्या घरांतल्या दोऱ्या सोडवल्या आणि महिन्याभरात निम्म्या पुन्हा बांधल्या गेल्या. आता दर एक तारखेला आम्ही तिघीच घरोघर फिरून बघतो. तेव्हा तुम्ही घर बघायला जाल तेव्हा क्लब हाऊस आणि कारंजं बघण्यात वेळ घालवू नका. एखादं माणूस दिसलं नाही तर ते कोणाच्या आणि किती वेळात लक्षात येतं, एवढं काढून घ्या. इथलं रोजचं आयुष्य म्हणजे खरं तर हेच आहे, बाकी भजन-योगा सगळीकडे असतं.

तरी दिवसाचं विचारलंय तर सांगते. पहाटे फेऱ्या, साडेआठला नाश्ता आणि मग वाचनालय. पाच पेपर येतात. पावसाळ्यात उशीर होतो तेव्हा फाटकाशी चार-पाच जण छत्र्या घेऊन पेपरवाल्याची वाट बघत उभे असतात. पहिलं पान कोणी वाचत नाही, ते आदल्या रात्री टीव्हीवर होऊन गेलेलं असतं. आधी निधनवार्ता, मग ठेवींचे व्याजदर, मग शब्दकोडं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्क्यांवर बसलाय, तरी दर तिमाहीच्या शेवटी इथे दहावीच्या निकालासारखं वातावरण असतं. आणि शब्दकोडं पेन्सिलनेच सोडवायचं असा वार्षिक सभेत रीतसर ठराव झालाय. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सलग आठ दिवस ते पेनाने सोडवलं होतं, आणि त्यातलं निम्मं चूक.

आमच्या स्वतःच्या बातम्या फळ्यावर असतात. आजची भाजी, डोळ्यांचे डॉक्टर कधी, कुठली लिफ्ट बंद. एकदा डायनिंगमध्ये श्रवणयंत्र सापडलं, ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं, अशी माइकवरून घोषणा झाली. ज्यांचं होतं त्यांना ती अर्थातच ऐकू गेली नाही. जेवणावरून भांडणं होतात, होणारच. आमच्या या मावळात इंद्रायणी तांदूळ पिकतो, म्हणून भात इंद्रायणीचा, वासाचा आणि चिकट. नागपूरकडच्या मंडळींना तो भात वाटतच नाही. या विषयावर समितीची बैठक झाली आहे आणि मी तिथे गप्प बसले, कारण मला तो आवडतो.

मोठ्या जगातल्या बातम्याही दारापर्यंत येतात. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्यांना घरून मतदानाची सोय होती. आमच्या एक आजी, तेव्हा नव्वदीच्या, इस्त्रीची साडी नेसून सकाळी आठपासून तयार बसल्या. अधिकारी आले, मत दिलं, सगळं छान झालं. पण एकदा घरून मत दिलं की केंद्रावर जाता येत नाही. १३ मेला आम्ही बाकीचे रिक्षांतून केंद्रावर निघालो तेव्हा आजी दोन दिवस रुसल्या. नोव्हेंबरात पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची जत्रा असते. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, म्हणून आता फोनवर चेहरा दाखवायचा. तो डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो. मोतीबिंदू झालेल्या माणसाला ‘आजोबा, मिटा, आता उघडा, परत मिटा’ असं दहा मिनिटं करत बसावं लागतं, तेव्हा कुठे सरकारला कळतं की ते जिवंत आहेत. (ऐंशी पूर्ण झालेल्यांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. बाबांसाठी लक्षात ठेवा, अजून वेळ आहे.)

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण तुम्हा लांब राहणाऱ्या मुलांना त्याची धास्ती असायला हवी. आमच्यातले एक निवृत्त इंजिनिअर, ७९ वर्षांचे, रोज चारला रमीच्या टेबलावर हजर. फेब्रुवारीत एक दिवस आले नाहीत. फोन लावला तर सारखा एंगेज. दार वाजवलं तर आतून ‘बरं नाही, झोपलोय, जा’. मी तिथेच उभी होते. ट्रंक कॉलच्या काळात मी हजारो आवाज जोडून दिलेत, त्यातले निम्मे कोणी गेल्याचे नाहीतर आजाराचे निरोप. झोपलेल्या माणसाचा आवाज आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज यांतला फरक मला कळतो. वॉचमनला किल्ली घेऊन बोलावलं. आत ते इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी ताठ बसलेले आणि समोर फोनवर पोलिसाच्या वेशातला माणूस. सकाळी नऊपासून. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, खोलीबाहेर जायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, ठेव मोडून पैसे ‘तपासासाठी’ पाठवा. डिजिटल अरेस्ट. कायद्यात असा काही प्रकारच नाही, व्हिडिओ कॉलवर कोणी कोणाला अटक करत नाही, आणि ही बातमी त्याच वाचनालयात त्यांनी स्वतः दोनदा वाचली होती. वहिनींनी सरळ फोन हिसकावून बंद केला. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. ठेव वाचली, कारण बँकेचं ॲप त्यांना उघडता आलं नव्हतं. त्यांचा मुलगा अमेरिकेत रोज रात्री फोन करतो, अगदी न चुकता. पण रात्र व्हायला अजून चार तास होते.

आता ‘टाकून दिलं’चं. खोटं कशाला सांगू, काहींना तसं वाटतं. एका बाईंना मुलाने ‘दोन महिने राहून बघ’ म्हणून आणलं आणि तेवढ्यात पुण्यातला फ्लॅट विकला. इथे त्यांना काही कमी नाही, पण चार वर्षं झाली तरी त्या पाहुण्यासारख्या राहतात, सामानाचे दोन खोके अजून उघडलेले नाहीत. साताऱ्याचं घर निदान वर्षभर विकू नका. परत जाता येतं हे माहीत असलं की माणूस राहतो.

दुसरं, दोघांना आणायचं असेल तर दोघं असतानाच आणा. एक जण गेल्यावर मागे राहिलेल्याला आणलं की तो नवीन जागेत, नवीन माणसांत, दुःख घेऊन येतो आणि सहा-सहा महिने पडदे उघडत नाही. माझं उलट झालं. हे गेले ते पहाटे, घरीच. तेव्हा मला काय सुचणार होतं? मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरांकडून लागतो, त्याशिवाय पुढचं काही होत नाही, तो खालच्या मजल्यावरच्या भाऊंनी आणला. मुलगी पोचायला दीड दिवस लागणार होता, थंड शवपेटी कुठून मागवायची ते ऑफिसला ठाऊक होतं. डायनिंगने पिठलं-भात पाठवला, त्यात मीठ विसरले होते, आणि भाताबद्दल एरवी बैठका घेणारे लोक तो गुपचूप जेवले. मुलगी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावर नुसती बसून होते, उठावंसंच वाटेना. सात वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. वहिनी दाराशी उभ्या, हातात माझीच दुधाची पिशवी. म्हणाल्या, ‘चहा टाकते, सरका.’

कोरड्या गोष्टी पटकन सांगते. महारेराने (राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिलेत: व्हीलचेअर जाईल असे निदान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, लिफ्ट, न घसरणाऱ्या फरश्या, धरायला दांडे, वगैरे. नवं घर घेत असाल तर विक्री करारात हे लिहिलेलं आहे का ते वाचा. जुन्या वसाहतीत टेप घेऊन जा आणि बाथरूमचं दार स्वतः मोजा, आमच्याकडे तिथेच गडबड आहे. देखभालखर्च महिन्याला ७,५०० च्या वर गेला की त्यावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, तेव्हा सांगितलेला आकडा करासकट आहे का विचारा. बऱ्याच ठिकाणी घर पुढे विकायचं तर ते ठरावीक वयाच्या वरच्या माणसालाच विकता येतं आणि वारसाला तिथे राहता येत नाही. पण सगळ्यात महत्त्वाचं, जे विक्री विभाग आपणहून सांगत नाही: माणूस अंथरुणाला खिळला किंवा विसरायला लागला तर काय? स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांची वसाहत आणि शुश्रूषागृह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे चोवीस तासांची बाई ठेवायला परवानगी आहे, खर्च आपला. काही ठिकाणी तेही नाही. आणि रात्री दोनला रुग्णवाहिका आली तर तिच्यात सोबत कोण बसतं, हे ऑफिसात नव्हे, राहणाऱ्यांना विचारा.

विचारायला वाचनालयात दहाच्या सुमारास जा. काही न बोलता पेपर उचला, दोन मिनिटांत कोणीतरी ‘कोणाकडे आलात?’ म्हणेल. अर्धा तास बसूनही कोणी विचारलं नाही तर ते घर घेऊ नका.

आणि ठरवण्याआधी आई-बाबांना पंधरा दिवस पाहुण्यांच्या खोलीत राहू द्या. जानेवारीत नको, जानेवारीत मावळ कोणालाही आवडतो. जुलैत आणा. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, डब्यातले पापड सादळतात, समोरची इमारत धुक्यात दिसत नाही आणि पेपर आठशिवाय येत नाही. तुमचे बाबा रमी खेळतात का तेही कळवा. आमच्या टेबलावर एप्रिलपासून चौथा भिडू नाही.