ऊसतोडीच्या गावातून मोहिमेकडे

प्रश्न : मी टीवायबीएला आहे, विषय अर्थशास्त्र. गाव बीड जिल्ह्यात. दिवाळीनंतर वर्गातली कितीतरी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. मुलांची गरिबी हटवण्यासाठी पूर्णवेळ काम करायचंय. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू का?

उत्तर : एमएसडब्ल्यू कुठल्याही पदवीनंतर होतं, त्याची घाई नको. आधी गावातलं हंगामी वसतिगृह तपास. आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच शिकावं म्हणून ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. घोडं अडतं ते तारखेवर. कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, गेल्यावर मंजुरी आली तर मूल तोवर फडावर पोचलेलं असतं, नाव मात्र शाळेच्या पटावर.

म्हणून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाक. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. महाराष्ट्राचा नियमच तसा आहे. मागायचं काय? गावनिहाय मंजुरीची तारीख, निधी वर्ग झाल्याची तारीख, मुलांची संख्या. ‘उशीर का झाला?’ असं विचारू नकोस. कायद्याने नोंदी मिळतात, खुलासे नाही. नवख्यांचे अर्ज इथेच वाया जातात. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

तोवर घरोघर जाऊन मोज : कोण गेलं, मूल कोणाकडे ठेवलं, शाळेत येतं का. मुलांची नावं-फोटो बाहेर देऊ नकोस, आकडा पुरतो. मग अर्जाचं उत्तर आणि तुझी मोजणी, दोन्ही कागद शेजारी ठेवून मागणी एकच : मंजुरी सप्टेंबरअखेर. ग्रामसभेचा ठराव घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. दहा मागण्यांचं निवेदन फाईलला लागतं, बस्स.

हे जमलं, आवडलं, तर पुढचं ठरव. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण माझं मत विचारशील तर अर्थशास्त्र सोडू नकोस. या क्षेत्रात पोटतिडकीने बोलणारे पुष्कळ. अर्थसंकल्पातली मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही आकडे वाचणारे थोडे. बहुतेक जण पहिल्या आकड्यावर थांबतात आणि खर्चच न झालेला पैसा नजरेतून सुटतो. कोर्टाची बाजू ओढत असेल तर तीन वर्षांचं एलएलबीही चालेल.

आणि पगाराचं. संस्थांमधल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात. मुलाखतीत लाजू नकोस. निधी कधीपर्यंत आहे, फिरतीचा खर्च वेगळा मिळतो का, हे विचार आणि नेमणूकपत्रात लिहून घे.